वाचकांचे प्रश्न : वाळवंटात पाणी फार झालं की काय होतं?

मागच्या अंकात इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या सिवा या मरूद्यानावर लेख होता. लिबियाच्या सीमेपासून सुमारे ५० किलोमीटर आणि भूमध्य समुद्रकाठच्या मरसा मतरूहपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेलं हे गाव समुद्रसपाटीपेक्षा साधारण १८ मीटर खाली वसलेलं आहे. गावात खजूर आणि ऑलिव्हच्या बागा आहेत, मिठाची तळी आहेत, आणि घरात बोलली जाते ती अरबी नव्हे, सिवी. ही अमाझिग, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक बर्बर म्हणतात त्यांच्या कुळातली भाषा. लेखावर आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं पाण्याबद्दल होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : सिवात वर्षाला जेमतेम १० मिलिमीटर पाऊस, आणि तरी ‘जादा पाण्याने बागा मरत आहेत’ असं लेखात होतं. हे गणित समजलं नाही. आमच्याकडेही क्षारपड जमिनी आहेत, पण आमच्या डोक्यावर कालवे आहेत. तिथे पाणी येतं कुठून? (एक ऊस उत्पादक, शिरोळ)

पाणी खालून येतं. सिवाच्या खाली पाण्याचे दोन साठे आहेत. वरचा भेगाळलेल्या चुनखडीतला. त्याचं पाणी मचूळ, काही ठिकाणी तर चांगलंच खारट. त्याच्या बऱ्याच खाली न्यूबियन वालुकाश्मातला प्रचंड साठा आहे. हजारो वर्षांपूर्वी सहारात पाऊस पडायचा तेव्हा मुरलेलं हे पाणी. ते गोडं आहे आणि दाबाखाली आहे, त्यामुळे भोक पाडलं की उपशाशिवाय आपोआप वर येतं. खडकातल्या भेगांवाटे ते वरच्या साठ्यातही झिरपत राहतं, आणि गावातले जुने झरे त्यावरच वाहतात.

जुन्या काळी झरे मोजके होते, त्यामुळे पाणीही मोजकं होतं. साधारण १९८० नंतर चित्र बदललं. डांबरी रस्ता झाला, माल बाहेर जाऊ लागला, बागा वाढल्या आणि लोकांनी स्वतःच वरच्या साठ्यात उथळ विहिरी पाडल्या. अशा विहिरी हजाराच्या वर गेल्या. बहुतेकींना धड केसिंग (भोकात बसवायचा पाइप) नाही, तोंडाला झडप नाही. पाणी आपोआप येतं म्हणून ते बंद करण्याची सोयच कुणी केली नाही. शेताला पाणी हवं असो वा नसो, रात्रंदिवस वाहणार.

आता तुमच्या आणि त्यांच्या दुखण्यातला खरा फरक. शिरोळला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, चर काढले, की निचऱ्याचं पाणी शेवटी नदीला जातं. सिवा म्हणजे चारी बाजूंनी बंद खळगा. निचरा उताराने जाणार तो खळग्याच्या तळाला, म्हणजे गावच्याच तळ्यांत. तिथून बाहेर पडायची एकच वाट, बाष्पीभवन. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून ही तळी समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट आहेत. तळ्याची पातळी वाढली की काठच्या बागांखालचं भूजलही वर येतं. ते पृष्ठभागापासून मीटरभराच्या आत आलं की मातीतल्या केशनलिकांतून वर चढू लागतं, वाऱ्याने सुकतं आणि पांढरा थर मागे ठेवतं.

आणखी एक उलटी गोष्ट : तळी हिवाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आटतात. पावसाचा याच्याशी संबंध नाही. विहिरी बाराही महिने तेवढंच पाणी सोडतात, पण थंडीत ऊन कमी म्हणून उडून जाणारं पाणी कमी. त्यामुळे सखल बागेतलं नुकसान हिवाळ्याच्या अखेरीस सगळ्यात जास्त दिसतं. आधी ऑलिव्हची पानं टोकाकडून करपतात. खजुराला मीठ बरंच सोसतं, पण मुळांना हवा न मिळाल्याने शेंड्याची नवी पानं आखूड येऊ लागली की समजावं, तेही झाड चाललं.

यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकापासून सरकारने बऱ्याच बेबंद विहिरी बुजवल्या आणि झडपा असलेल्या खोल विहिरी घेतल्या. खोल साठ्यातलं गोडं पाणी उथळ मचूळ पाण्यात मिसळून बागांना द्यायचं, म्हणजे एकूण पाणी कमी लागतं आणि क्षारही कमी पडतात. अलीकडे निचऱ्याचं पाणी गावाबाहेरच्या दुसऱ्या खळग्यात नेणारा कालवाही काढला आहे. तो उपयोगी आहे, पण मुळात झडप फिरवण्याला पर्याय नाही. फुकट आणि आपोआप येणारं पाणी बंद करायला शेतकऱ्याला राजी करणं हे कालवा खोदण्यापेक्षा अवघड काम, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : पूर्वी झऱ्याचं पाणी वाटून घ्यायचे ते कसं? आमच्या पांझरेच्या फडात पाणी वाटायला पाटकरी असतो, तसं काही? (धुळे)

मोजमाप वेळेचं होतं. ‘वगबा’ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त किंवा सूर्यास्त ते सूर्योदय, अशी अर्ध्या दिवसाची पाळी. झऱ्यावर ज्याचा जेवढा हक्क, तेवढ्या वगबा किंवा वगब्याचा तुकडा, आणि ठरावीक दिवसांनी पाळी पुन्हा फिरून येते. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा मानला जाई. वारसांत वाटला जाई, विकताही येई. म्हणून जमीन नावावर असूनही पाणी नाही, असा माणूस गावात असू शकतो. पाटाच्या फाट्यावर चिखल आणि पाल्याचा बांध घालून पाणी वळवतात. वर सांगितलेल्या खासगी विहिरींनी ही व्यवस्था मोडली, कारण पाणी स्वतःच्या बांधावर असताना पाळीची वाट कोण बघेल?

प्रश्न : मिठाच्या विटांची घरं! मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. हे बांधकाम नेमकं कसं करतात आणि कोकणात करून पाहता येईल का? (रत्नागिरी)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी : नाही. कारण पुढे येईल.

या सामानाला ‘केरशेफ’ म्हणतात. त्या विटा नव्हेत, ढेकळं आहेत. तळ्याकाठच्या मिठाच्या कवचात वाळू आणि चिकणमाती अडकून घट्ट झालेली असते, ती कुदळीने उचकटून काढायची. आकार वेडेवाकडे, साधारण नारळापासून कलिंगडाएवढे. ती सुकू द्यायची. त्यांचा सांधा भरायला स्थानिक, मुळातच खारट असलेली चिकणमाती पाण्यात मळून घ्यायची.

गवंडी मातीचा जाड थर देतो, ढेकूळ त्यात दाबून बसवतो, फटीत हाताने चिखल ठासतो. ओल्या चिखलाने ढेकळाची बाहेरची कातडी किंचित विरघळते, आणि सुकताना ते मीठ सांध्याच्या आरपार पुन्हा स्फटिक होऊन बसतं. त्यामुळे सुकलेली भिंत रचलेली न राहता एकसंध होते. जुनी भिंत फोडताना सांध्यावर फुटत नाही, मधूनच कुठेही फुटते. घाई मात्र चालत नाही. एका दिवसात थोडीच उंची चढवायची, ती सुकली की पुढचा थर. ओल्या भिंतीवर भार टाकला तर ती खालून फुगते आणि बाहेरच्या बाजूला कलते. भिंत तळाशी जाड, वर निमुळती होत जाते. छपराला खजुराचे उभे चिरलेले ओंडके, त्यावर खजुराच्या फांद्या, वर चिखल. दारं-खिडक्यांना ऑलिव्हचं लाकूड.

कुठे बिघडतं? पहिला शत्रू अर्थात पाऊस. शाली हा १३ व्या शतकातला गढीवजा जुना गाव याच मालाचा होता. १९२६ साली सलग तीन दिवस पाऊस झाला आणि घरं इतकी ढासळली की लोक कायमचे खाली उतरले. (उतरायला सुरुवात आधीच झाली होती. १८२० मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या फौजेने सिवा घेतल्यावर तटबंदीत राहायची गरज कमी झाली होती.) अलीकडे युरोपीय संघाच्या मदतीने शालीचा बराच भाग जुन्याच पद्धतीने उभा केला, ते काम २०२० मध्ये पूर्ण झालं.

दुसरा शत्रू पायातली ओल. वर सांगितलेलं भूजल चढलं की भिंतीचा खालचा हातभर भाग खिरू लागतो. म्हणून पाया आणि न्हाणीघराच्या भिंती चुनखडीच्या दगडात घेणं शहाणपणाचं. तिसरा शत्रू सिमेंट. केरशेफवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते, मीठ गिलाव्यामागे स्फटिक होतं आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. आणि लोखंडी सळईच्या शेजारी मीठ ठेवल्यावर काय होतं, ते रत्नागिरीच्या माणसाला ठाऊकच आहे.

आता कोकण. पाऊस क्षणभर बाजूला ठेवा, वरून मोठं छप्पर घालू म्हणा. तरीही हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून पाझरायला लागतं. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर त्याच्या वरच असते. तुमची भिंत पाऊस न लागताही गळेल. जांभा बरा आहे. या पद्धतीतून उचलायचंच असेल तर ‘जवळचा माल, त्याच्याच जातीचा सांधा’ हे तत्त्व उचला.

प्रश्न : सिवी ही अरबीची बोली आहे की वेगळी भाषा? लिपी कोणती? ती टिकेल का? (नागपूर)

वेगळी भाषा. मोरोक्को, अल्जीरिया, माली, नायजर असा पसरलेला जो अमाझिग भाषांचा पट्टा आहे, त्याचं हे अगदी पूर्वेकडचं टोक. सिवाखेरीज ती वायव्य वाळवंटातल्या गारा या चिमुकल्या मरूद्यानात बोलतात. जवळची नाती लिबियातल्या सोकना आणि अल-फोकहा इथल्या बोलींशी सांगतात. बोलणारे साधारण १५ ते २० हजार. सिवाच्या ११ जमातींपैकी एक मूळची बदू (वाळवंटातले भटके अरब) आणि अरबी बोलणारी, बाकीच्या सिवी.

अरबीचा पगडा मात्र जबरदस्त आहे. मोजायला लागलं की एक आणि दोन तेवढे अमाझिग (‘एज्जेन’, ‘सेन’), तीनपासून पुढे सगळे अरबी. शब्द तर घेतलेच, पण ‘अधिक मोठा, अधिक लांब’ असं सांगण्याचा अरबी साचाही उचलला आणि तो आपल्या मूळच्या शब्दांनाही लावला. व्याकरणाचा साचाच उसना घेऊन घरच्या शब्दांवर चालवणं जगात फार कमी भाषांनी केलं आहे. ‘अमान’ म्हणजे पाणी आणि ‘तिनी’ म्हणजे खजूर, हे मात्र घरचे राहिले.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट. आपण हा, ही, हे वापरतो ते वस्तूच्या लिंगाप्रमाणे. सिवीत दर्शक सर्वनाम वस्तूप्रमाणे तर बदलतंच, शिवाय ऐकणाऱ्याप्रमाणेही बदलतं. समोरची एखादी पुल्लिंगी वस्तू पुरुषाला दाखवायची असेल तर ‘वोक’, बाईला दाखवायची असेल तर ‘वोम’, अनेकांना दाखवायची असेल तर ‘वेरवेन’. वस्तू तीच. शिकणाऱ्याची इथेच सगळ्यात जास्त फजिती होते, कारण वस्तूकडे बघून रूप ठरवायची सवय लागलेली असते.

स्वतःची रूढ लिपी नाही. मोरोक्कोत अमाझिगसाठी तिफिनाग लिपी सरकारी झाली, पण सिवात ती फार तर पाट्यांवर आणि दागिन्यांवर. तरुण मंडळी फोनवर सिवी लिहितात ती अरबी अक्षरांत. सिवी शब्दांची पहिली यादी युरोपात पोचवली ती जर्मन प्रवासी हॉर्नेमान याने. तो १७९८ मध्ये व्यापारी काफिल्यासोबत इथे आला होता.

टिकण्याबद्दल : युनेस्कोने तिला ‘निश्चित धोक्यात’ या वर्गात टाकलं आहे. शाळा पूर्ण अरबीत, टीव्ही अरबीत, हॉटेलातलं काम अरबीत. तरी घरात मुलांशी अजून सिवीच बोलतात, आणि आमच्या मते लोकसंख्येच्या आकड्यापेक्षा हीच गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे बुलढाण्याच्या जळगाव-जामोद भागात निहाली बोलणारे दोन-अडीच हजारच उरलेत. त्यांच्याशी तुलना केली तर सिवीची प्रकृती बरी म्हणायची. बाहेर लग्न झालेल्या घरांत आणि मरसा मतरूहला स्थलांतर केलेल्या कुटुंबांत ती एका पिढीत सुटू शकते, कारण तिथे समोरचा सिवी बोलणारा नसतो.

प्रश्न : खजुराची झाडं लावून सहा वर्षं झाली. फुलोरा येतो, पण फळं बोराएवढीसुद्धा होत नाहीत आणि त्यांत बी नसतं. सिवाचे लोक काय करतात? (माण तालुका)

तुमच्या वर्णनावरून परागीभवनच झालेलं नाही. अशा वेळी एका फुलातून तीन-तीन बारकी बिनबियांची फळं एकत्र धरलेली दिसतात. तपासून पाहा.

खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी. वाऱ्यावर सोडलं तर निम्मी बाग नरांची लावावी लागेल, म्हणून सिवात हे काम हाताने करतात. साधारण ४० ते ५० माद्यांना एक चांगला नर पुरतो. नराचा कोष तडकायच्या बेतात असताना कापायचा, आतल्या लड्या सावलीत सुकवायच्या. मादीचा कोष आपणहून तडकला की दोन-चार दिवसांच्या आत त्यात नराच्या पाच ते दहा लड्या उलट्या, म्हणजे टोक खाली करून खोचायच्या. खजुराच्याच पानाच्या पट्टीने घड सैल बांधायचा. सैल अशासाठी, की फळं वाढताना गाठ आपोआप सुटावी. एका झाडाचे कोष एकदम तडकत नाहीत, त्यामुळे हंगामात त्याच झाडावर तीन-चारदा चढावं लागतं. एकदाच चढून काम उरकणाऱ्याचे निम्मे घड असेच बारके राहतात. खोचल्यावर काही तासांत पाऊस आला तर पुन्हा करायचं. सिवात तो प्रश्न येत नाही, तुमच्याकडे अवकाळीत येईल.

नवीन झाड नेहमी बुंध्याशी फुटलेल्या पिलापासून करतात, बीपासून नाही. बीचं झाड नर निघेल की मादी हे कळायला चार-पाच वर्षं जातात, आणि मादी निघाली तरी फळ आईसारखं येईलच असं नाही. पिलू आणताना सोंड्या भुंग्याची भोकं आहेत का बघा. ती कीड बहुतेक वेळा पिलांबरोबरच प्रवास करते.

तिथल्या जातींत ‘सिवी’ (बाहेर ‘सईदी’ म्हणतात) ही निमकोरडी जात मुख्य, टिकाऊ आणि निर्यातीची. ‘फ्रेही’ चवीला वरचढ. ‘ताकताकत’ फार मऊ, ती गावातच संपते. ‘अझावी’ बहुतेक जनावरांना जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१६ मध्ये सिवाच्या या खजूरशेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. तुमच्या भागासाठी मात्र सिवी जातीच्या मागे लागू नका. फळ झाडावरच सुकेपर्यंत ती ठेवावी लागते आणि तोवर तुमचा पाऊस सुरू होतो. अर्धकच्ची, कुरकुरीत खाता येणारी ‘बारही’ त्यापेक्षा सोयीची.

प्रश्न : सिकंदर तिथे खरंच गेला होता? (पुणे)

हो, इसवी सनपूर्व ३३१ मध्ये. अमुन देवाचा कौल घ्यायला. सिवातल्याच अघुरमीच्या खडकावरचं ते देऊळ २६ व्या राजवंशातलं आहे आणि आजही बघता येतं. जवळच्या उम्म उबैदा इथल्या देवळाचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. १८९६ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याने दगडासाठी ते सुरुंग लावून उडवलं, आता एक कोरीव भिंत उरली आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, शाकाहारी, मुंबईहून जायचा विचार आहे. कधी जावं, काय अडचणी येतात? (डोंबिवली)

ऑक्टोबरअखेर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि केरशेफच्या खोल्यांत हीटर असेलच असं नाही, जाड स्वेटर घ्या. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला दक्रूर टेकडीपाशी तीन दिवसांचा ‘सियाहा’ भरतो. भांडणं मिटवून सगळ्या गावाने एकत्र जेवायचा हा उत्सव. त्या दिवसांत खोली आयत्या वेळी मिळत नाही.

मुंबईहून कैरो थेट विमान आहे. कैरोहून रात्रीची बस दहा-बारा तास घेते. टप्प्याने जायचं तर मरसा मतरूहहून चार तास. वाटेत तपासणी नाके लागतात, पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या सुटकेसमध्ये नव्हे. वाळूच्या टेकड्यांत रात्री मुक्काम करायचा असेल किंवा बहारिया या दुसऱ्या मरूद्यानाच्या वाटेने जायचं असेल, तर लष्करी परवाना लागतो. तो हॉटेलवाले काढून देतात. पासपोर्टच्या प्रती दिल्याशिवाय आणि आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय होत नाही. रोख रक्कम कैरोतूनच घेऊन जा.

खाण्याचे हाल होणार नाहीत : फूल (शिजवलेले बाकल्याचे दाणे), ताआमिया (बाकल्याचे तळलेले वडे), पाव, ऑलिव्ह, चीज, खजूर. मसुराच्या सुपाबद्दल मात्र विचारा, ते बऱ्याचदा कोंबडीच्या रश्शात करतात. बायकांनी उघड्या झऱ्यांवर पोहताना पूर्ण कपडे ठेवावेत, स्थानिक रीत तशी आहे. परवानगीशिवाय तिथल्या बायकांचे फोटो काढू नका.

मिठाच्या कुंडात माणूस आपोआप तरंगतो, तिथे सगळे जातात. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको. काठाचं मीठ काचेसारखं कापतं, सँडल घालूनच उतरा. पालथं व्हायचं नाही. डोळ्यांत पाणी गेलं तर हाताने चोळू नका, हातालाही तेच मीठ आहे. यासाठी माणशी दीड-दोन लिटर गोडं पाणी काठावर आधीच ठेवा.

प्रश्न : तिथून आणलेल्या खजुरात महिनाभरात अळ्या झाल्या. फसवणूक झाली का? (ठाणे)

नाही. साठवणीतल्या पतंगाची अंडी बहुधा बागेतच किंवा वखारीत पडलेली असतात, आपल्याकडच्या उबेत ती फुटतात. घरी आणल्या आणल्या खजूर हवाबंद पिशवीत भरून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, निदान दोन पूर्ण दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड फळावर दव धरतं आणि बुरशी येते. खोलीच्या तापमानाला आली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. वर पांढरट पावडर दिसली तर चिमटीत दाबून बघा : कडक आणि खरखरीत लागली तर ती साखर, मऊ आणि लोकरीसारखी असेल तर फेकून द्या.